मनाच्या उपचारासाठी कोणाकडे जावे?

झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, कशातच मन न रमणे ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर उपचार घ्यावा, हे आता अनेक घरांत मान्य आहे. अडते ते पुढे. रायपुरात मानसिक रुग्णालय म्हटले की बिलासपूरजवळचे सेंदरी आठवते, आणि ‘तिकडे ठेवून घेतील’ या धास्तीत महिने निघून जातात. ही धास्ती अनाठायी आहे. बहुतेक रुग्णांवर बाह्यरुग्ण विभागातच उपचार होतात व ते त्याच दिवशी घरी परततात. शहरात टाटीबंध येथील एम्समध्ये, तसेच मेकाहारा या नावाने परिचित असलेल्या डॉ. आंबेडकर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

पाट्यांवरील नावे सारखी भासली तरी कामे वेगळी आहेत. मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. नंतर या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. भास, टोकाचा संशय, एकाएकी उधाणलेला उत्साह व उधळपट्टी अशी लक्षणे असल्यास प्रथम त्यांच्याकडेच जावे. थायरॉइडच्या विकारानेही मन खचते, त्यामुळे त्यांनी रक्ततपासणी सांगितली तर ती टाळू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या व संवादोपचार करतात, औषधे देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. कौटुंबिक ताण, परीक्षेची भीती, वियोगाचे दुःख यांत समुपदेशकाचा उपयोग होतो. मात्र ही पाटी अल्प मुदतीच्या वर्गानंतरही लावली जाते. शिक्षण कोठे व किती वर्षे झाले, हे निःसंकोच विचारावे. जाणता व्यावसायिक या प्रश्नाने दुखावत नाही.

भाषेचा विचार मात्र फार थोडी कुटुंबे करतात. रायपूरच्या मराठी घरांतील ज्येष्ठ बाजारात सहज हिंदी बोलतात. पण ‘जीव घाबरा होतो’, ‘हुरहुर लागते’ हे दुसऱ्या भाषेत सांगताना त्यांची वाक्ये आखूड होतात, आणि सोबत आलेला मुलगा किंवा सून ती पूर्ण करते. डॉक्टरांपर्यंत मग रुग्णाऐवजी नातलगांचे म्हणणे पोहोचते. म्हणून रुग्णास काही वेळ एकट्याने बोलू द्यावे, अशी विनंती आपणच करावी. त्यांना मराठीतच मोकळे होता येत असेल, तर केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करून मराठी भाषा निवडावी. ही सेवा निःशुल्क असून अहोरात्र चालू असते.

नोकरी किंवा सोयरिकीच्या काळजीने आजार लपवू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ अन्वये रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. कायद्याने सांगितलेले अपवाद मोजकेच आहेत.

नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात ‘फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलण्याची घाई नको. आपले ऐकूनच घेतले जात नाही असे वाटत असेल, तर अवश्य बदलावा. परंतु औषध अचानक बंद करू नये व जुनी कागदपत्रे सोबत न्यावीत.

घरातील कोणी ‘जगून काय करू’ असे बोलू लागले, तर योग्य तज्ज्ञ शोधण्यात दिवस घालवू नयेत. त्यांना एकटे सोडू नये, कीटकनाशके व गोळ्यांचा साठा आवाक्याबाहेर ठेवावा आणि जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात त्यांना तत्काळ न्यावे. वाहन नसल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.