कोणता गुलाब ठेवावा, कोणता काढावा?

आमच्या गावात एक आक्का आहेत. विहिरीच्या कडेला त्यांची गुलाबाची २४ झाडे होती. दर आठवड्याच्या बाजाराला फुलांची पाटी जाई. त्या पैशांत घरचे तेलमीठ भागे, नातीच्या वह्या येत.

एका उन्हाळ्यात विहिरीचे पाणी फार खाली गेले. पाणी पुरेल ते १६ झाडांना. आठ झाडे काढणे आले. आक्कांचा लेक म्हणाला, "सगळीच उपटू, नि पावसाळ्यात झेंडू लावू." आक्का माझ्याकडे आल्या. "गुरुजी, कोणती आठ काढू, तेवढं येऊन दाखवा."

वैशाखाचे दिवस होते. मी गेलो, झाडे पाहिली आणि म्हटले, "आक्का, आज एकही काढायचं नाही."

असे का म्हटले? वैशाखात गुलाबाचा कस लागत नाही. उन्हाने फुले लहान होतात, पाने करपतात. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात आणि झाड उघडे होते. अशा वेळी चांगले झाडही वाईट दिसते. मी स्वतः एकदा भाद्रपदात एक गुलाब उपटून फेकला. शेजारणीने तो उचलून आपल्या अंगणात लावला. पौषात तो फुलांनी लवला. ती रोज मला बोलावून दाखवी!

पण पाण्याचे काय? आम्ही झाडांच्या बुडाशी उसाचे पाचट चांगले जाड पसरले. त्याने जमिनीची ओल उडत नाही. पाणी संध्याकाळी आणि बेताने द्यायचे. फुलांची आशा करायची नाही. झाडाने जीव धरला म्हणजे पुरे. तसा तो उन्हाळा निघाला.

दसऱ्यानंतर पाऊस उघडला, तेव्हा छाटणी केली. वाळक्या, बारीक, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या. चांगल्या पाचसहा फांद्या गुडघ्याइतक्या ठेवल्या. बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा पाहून त्याच्या जरा वर तिरका काप घेतला. प्रत्येक झाडाला पाटीभर कुजलेले शेणखत दिले. छाटणीपासून सहासात आठवड्यांनी फुले येतात. तोच झाड पारखण्याचा काळ.

आक्का त्याच वर्षी प्रौढ वर्गात लिहायला शिकल्या होत्या. त्यांनी झाडांना १ ते २४ आकडे दिले. किती फुले निघाली ते वहीत झाडवार मांडले. पौषात वही पाहिली. १४ झाडे चांगली निघाली, १० कमी पडली. मग त्या दहांपैकी एकेकाजवळ उभे राहून आम्ही विचारले, "खोट झाडाची आहे की आपली?"

दोन झाडे शेवग्याच्या सावलीत होती. गुलाबाला रोज पाचसहा तास ऊन लागते. ते नसले की फांदी वाढते, पण शेंड्याला कळी धरत नाही. शेवग्याच्या फांद्या उतरवल्या. ती दोन ठेवली.

दोन डोणीजवळ होती. तिथे पाणी साचे आणि पाने पिवळी पडत. खणून पाहिले. एकाची मुळे काळी पडून कुजली होती, ते काढले. दुसऱ्याची पांढरी होती. ते मातीच्या गोळ्यासकट उचलून उंचवट्यावर लावले.

दोघांच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येत होत्या. अशी फांदी आतला गर पांढरा लागेपर्यंत कापावी आणि कापाला बोर्डो मलम लावावे. एक झाड त्याने वाचले. दुसऱ्याचा काळेपणा पार बुडाच्या गाठीपर्यंत गेला होता. ते काढून जाळले. एकाच्या मुळांवर खडबडीत फोड होते, तेही जाळले. असल्या झाडाची दया करू नये. शेजारच्या झाडांना रोग लागतो. त्या खड्ड्यात पुन्हा गुलाब लावू नये.

उरली तीन. त्यांपैकी दोन झाडे धडधाकट होती. ऊन होते, खत होते, तरी फुले थोडी, आणि बाजारात पोचेतो पाकळ्या गळत. आक्का म्हणाल्या, "त्यांना काय रोग आहे?" रोग काहीच नाही, जातच तशी. अशी झाडे काढताना हात धजत नाही. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. गुलाबाच्याही नव्या जाती त्यांनी काढल्या. नवी जात काढणारे लोक बियांपासून पुष्कळ रोपे करतात आणि त्यांतली बहुतेक काढून टाकतात. त्या रोपांनाही रोग नसतो. हे ऐकून आक्कांनी एक झाड काढले. दुसरे गावठी होते, त्याला वास फार गोड. "ह्याचा गुलकंद करीन," म्हणून ते ठेवले. तेही बरोबरच. मात्र गुलकंदाच्या फुलांवर औषध मारू नये.

शेवटचे झाड दारातले. आक्कांच्या मालकांनी लावलेले. पूर्वी त्याला लाल फुले येत. आता नुसता काटेरी झाप झाला होता. वर्षातून एकदा बारीक पांढऱ्या फुलांचा झुबका, बस्स. आक्का आधीच म्हणाल्या, "ह्याला हात लावायचा नाही."

मी बुडाची माती उकरली. कलमी गुलाब म्हणजे दोन झाडे असतात. खाली रानटी गुलाबाचा खुंट, वर चांगल्या गुलाबाचा डोळा. जोडाच्या जागी गाठ असते. गाठीच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा. तो वेळीच बुडातून मोडला नाही, तर तोच सगळे खाऊन टाकतो आणि वरचे कलम मरते. सात पानांचा तो रानटी, असे लोक सांगतात. ती खूण नेहमी खरी ठरत नाही. गाठच पहावी. इथे गाठ वाळून कोळ झाली होती.

सांगायला मला जड गेले. आक्का थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लेकीच्या सासरी ह्याचंच एक कलम दिलंय." मी विचारले, "ते फुलतं का?" "फुलतं की! लालभडक."

माघात लेक बहिणीकडे गेला. ओल्या फडक्यात गुंडाळून चार काड्या आणल्या. खुंटाच्या पेन्सिलीएवढ्या जाड दोन फुटव्यांवर साल चिरून मी दोन डोळे बसवले. डोळा उघडा ठेवून वरखाली पट्टी घट्ट बांधली. तीन आठवड्यांनी पाहिले. एक डोळा काळा पडला होता, एक हिरवा होता. फाल्गुनात त्याला बोटभर कोंब आला, तेव्हा डोळ्याच्या वरचा भाग कापून टाकला.

चार झाडे गेली, २० राहिली. पाचट असल्यामुळे तेवढ्यांना पाणी पुरते. दारातल्या झाडाचे बूड आक्का दर आठ दिवसांनी पाहतात आणि खालून आलेला फुटवा मोडतात. कोवळ्या कोंबाला जोर यावा म्हणून पहिली कळी खुडावी लागते. ती मात्र त्यांनी मलाच खुडायला लावली.