बाटलीची मागची बाजू

अंबरनाथ

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेला फोटो मोठा करून नीट वाचला. लव्हेंडर-ओट्सचा बॉडी वॉश, आणि मागच्या यादीतल्या निम्म्या नावांभोवती तुझे लाल गोल. खाली प्रश्न, ‘आत्या, हे सगळं विषारी आहे का? अंघोळ झाली की पायांना खाज सुटते.’ नुसतं ‘नाही गं’ लिहून भागलं असतं. पण तू हॉस्टेलवर, हाताशी फोन. एका रीलवरून ही बाटली फेकशील आणि दुसऱ्या रीलवरून दुप्पट किमतीची आणशील. माझी सगळी नोकरी अशाच बाटल्या भरणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी यादी वाचायची कशी ते. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याखालचे मग कंपनीच्या सोयीने, कुठल्याही क्रमाने. १ टक्क्याची रेघ नेमकी कुठे पडते ते मात्र बाटलीवर कोणी सांगत नाही. ती हुडकायला मी फिनॉक्सीइथेनॉल हे नाव बघते. माल टिकावा म्हणून ते घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच १ टक्का आहे. म्हणजे यादीत त्याच्या मागून येणारं सगळं १ टक्क्याच्या आतलं. आता तुझ्या फोटोत लव्हेंडरचा अर्क आणि ओट्सचा अर्क कुठे आहेत बघ. फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली, रंगांच्या शेजारी. २५० मिलीच्या बाटलीत १ टक्का म्हणजे चहाचा अर्धा चमचा, आणि अर्क म्हणतात त्यातही बराचसा भाग पाण्याचा नाहीतर ग्लायकॉलचा असतो. पुढच्या बाजूला मात्र लव्हेंडरचं अख्खं शेत फुललेलं!

यादीतलं पहिलं नाव पाणी. बाटलीचा बहुतेक भाग तोच. दुसरं सोडियम लॉरेथ सल्फेट, ज्याभोवती तू दोनदा गोल केला आहेस. आम्ही त्याला एसएलईएस म्हणायचो. ड्रममधून घट्ट, पांढरट पेस्ट यायची आणि पाण्यात सोडताना घाई केली तर तिचे न विरघळणारे गोळे व्हायचे, तासन् तास ढवळत बसावं लागे. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं तेलाशी. अंगावरचा तेलकट मळ ही तेलाकडची टोकं वेढून धरतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. मळ निघतो तो यामुळे. फेस दिसायला छान, पण फेस कमी आला म्हणून अंग कमी स्वच्छ झालं असं काही नसतं.

एसएलईएसचाच भाऊबंद सोडियम लॉरिल सल्फेट, एसएलएस. तू ज्या बाईंची रील पाहिलीस त्यांनी दोघांची गल्लत केलेली दिसते. एसएलएस खरंच तिखट आहे. त्वचेचा दाह कसा होतो हे अभ्यासायचं असलं की त्वचारोगाचे संशोधक मुद्दाम तेच लावून बघतात. त्याच्या मूळ मद्यार्कावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून एसएलईएस बनवतात, ते बरंच सौम्य पडतं. या प्रक्रियेत डायऑक्सेन नावाचा नकोसा पदार्थ अंशमात्र तयार होतो, तो काढून टाकावा लागतो आणि चांगला पुरवठादार त्याचा आकडा कागदावर देतो. ‘सल्फेटने कॅन्सर होतो’ हे जे तू ऐकलंस ते १९९०च्या दशकाच्या शेवटी ईमेलमधून फिरायला लागलं आणि अजून फिरतंच आहे. एसएलएसने कोरडेपणा येतो, डोळे चुरचुरतात, कातडी खवखवते. कॅन्सर होतो याला आधार नाही.

तिसरं कोकामिडोप्रोपिल बीटेन. नाव मोठं, पण मूळ खोबरेल तेलात. हे एसएलईएसच्या सोबतीला असलं की दोघांचं मिश्रण एकट्या एसएलईएसपेक्षा त्वचेला हलकं जातं. काहींना याचीही ॲलर्जी येते, बहुतेक वेळा ती बनवताना राहून गेलेल्या अशुद्धीमुळे. उलट ‘सल्फेट-फ्री’ छापलेल्या बाटलीत ओलेफिन सल्फोनेट निघालं तर ते सल्फेट नाही हे खरं, पण सौम्य आहे असंही समजू नकोस. खरोखर हलकं हवं असेल तर डेसिल ग्लुकोसाइड किंवा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट ही नावं पहिल्या तीन-चारात आहेत का ते बघ.

पुढचं सोडियम क्लोराइड, म्हणजे साधं मीठ. हे बघून तुला हसू येईल. पातळ एसएलईएसमध्ये मीठ टाकत गेलं की द्रव दाट होत जातो. बॅच पातळ निघाली की ऑपरेटर दारातूनच विचारायचा, ‘मॅडम, मीठ सोडू?’ आणि ते थोडं थोडंच सोडायचं. एका मर्यादेपलीकडे गेलं की दाटपणा एकदम कोसळतो आणि टाकीत पुन्हा पाणी. गिऱ्हाईक बाटली उलटी करून बघतं आणि मधासारखं सावकाश उतरलं की माल भारी समजतं. त्या दाटपणात मिठाचा वाटा मोठा, आणि मीठ हा पाण्याखालोखाल यादीतला सर्वांत स्वस्त माल.

ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. ते यादीत वरच्या बाजूला असलं तर थोडा उपयोग, खाली गेलं तर केवळ नावापुरतं. ग्लायकॉल डायस्टिअरेटमुळे मोत्यासारखी चमक येते. सीआय ४२०९० हा निळा रंग, सीआय १७२०० लाल, दोन्ही मिळून तुझा जांभळा. लव्हेंडरचा रंग म्हणतात तो हा. अंगाला यांचा काडीचा उपयोग नाही.

सायट्रिक ॲसिडवर मात्र तू उगीच गोल केलास. साबण अल्कधर्मी, त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात. त्वचेचा ५ च्या आसपास, किंचित आम्ल. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये या आम्लपटलाविषयी लिहिलं होतं. बॉडी वॉशचा पीएच त्वचेच्या जवळ आणून ठेवायला सायट्रिक ॲसिड लागतं. साबणापेक्षा बॉडी वॉश घेण्याचं खरं कारण कुठलं असेल तर हे.

आणि ईडीटीए. ते जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडून ठेवतं. तुमच्या हॉस्टेलला बोअरचं पाणी, तेव्हा हे तुझ्या कामाचं. साबण अशा पाण्यात फाटतो, बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो, तो थोडा अंगावरही बसतो. आपण लहानपणापासून साबणाने अंघोळ केलेली, त्यामुळे कातडी करकरीत लागली की ‘स्वच्छ झालं’ वाटतं. बॉडी वॉशनंतर तसं लागत नाही, थोडं बुळबुळीत राहतं, कारण तो थर बसत नाही. शिवाय तुझ्या बाटलीत पॉलिक्वाटर्नियम-७ आहे, ते त्वचेला मुद्दाम चिकटून राहून मऊपणा देतं. बॉडी वॉश निघालाच नाही असं समजून तू गिझरचं कडकडीत पाणी ओतत बसतेस ना? दादा सांगत होता, तुझी अंघोळ अर्धा तास चालते. नडगीवर तेलाच्या ग्रंथी मुळातच कमी, त्यात हिवाळा, त्यात गरम पाणी आणि रोज लूफाने खसाखसा. पायांनाच खाज का सुटते याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं बहुधा त्या एका शब्दात आहे, ज्याला तू गोल केलाच नाहीस. परफ्यूम. यादीत तो एकच शब्द दिसतो, पण गोडा मसाला म्हटल्यावर आत धने, दगडफूल, नागकेशर, तीळ, खोबरं काय काय असतं, तसे त्या शब्दाच्या पोटात अनेक रेणू असतात, कधी पन्नास-साठसुद्धा. कंपन्यांना ते मिश्रण सुवास बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडून तयार मिळतं. आमच्याकडे सीलबंद कॅन यायचा, वर फक्त कोड नंबर. आत काय आहे ते आम्हा लॅबवाल्यांनाही पूर्ण माहीत नसे. आणि सौंदर्यप्रसाधनांतून होणाऱ्या ॲलर्जीत सुवासाचे घटक कायम पुढे असतात.

युरोपात २००५ पासून यातली २६ नावं वेगळी छापावी लागतात, धुऊन टाकायच्या मालात त्यांचं प्रमाण ०.०१ टक्क्याहून जास्त असलं की. २५० ग्रॅममध्ये ते फक्त २५ मिलिग्रॅम झालं, इतकी ती रेघ बारीक. २०२३ मध्ये ही यादी वाढवून ८० च्या वर नेली. लिलियल नावाचा एक लोकप्रिय फुलांचा वास तर १ मार्च २०२२ पासून तिथे बंदच झाला. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर ‘परफ्यूम’ एवढंच असतं. म्हणून एखाद्या बाटलीवर लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, कुमरिन अशी रांग दिसली तर ती जास्त वाईट असं समजू नकोस. दुसऱ्या बाटलीतही तेच असेल, तिने सांगितलेलं नाही इतकंच.

‘नैसर्गिक तेलांचा वास’ या शब्दांनीही हुरळू नकोस. लिमोनीन संत्र्याच्या सालीत भरपूर, लिनालूल लव्हेंडरमध्ये, जिरॅनिऑल आपल्या खानदेशातल्या रोशा गवतात. ते गवतातून काढा नाहीतर कारखान्यात बनवा, त्वचेला रेणू तोच. गंमत अशी की ताजं लिनालूल आणि लिमोनीन फारसा त्रास देत नाहीत. हवा लागून ती जुनी झाली की त्यांची जी रूपं बनतात ती ॲलर्जी आणतात. तेव्हा झाकण उघडं ठेवायचं नाही आणि सेलमध्ये चार बाटल्या घेऊन दोन वर्षं पुरवायच्या नाहीत. दिवाळीच्या उटण्यालाही हेच लागू. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी यांच्यातही सुगंधी तेलंच असतात. मला उटण्याचा वास फार प्रिय आहे, पण कोणाला पुरळ आलं तर ‘आयुर्वेदिक आहे, नाही येणार’ हे मी ऐकून घेत नाही.

राहिले प्रिझर्व्हेटिव्ह. जिथे पाणी आहे तिथे जंतू वाढणार, म्हणून ते लागतातच. सोडियम बेंझोएट तर सरबताच्या आणि सॉसच्या बाटलीवरही सापडेल. पॅराबेनला लोक इतके घाबरले की कंपन्यांनी ते काढून दुसरे पदार्थ घातले, त्यात मिथाइलआयसोथायाझोलिनोन होतं. त्याने इतक्या लोकांना पुरळ आलं की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जन’ ठरवलं. त्याच संस्थेने २०१९ साली पॅराबेनला ‘ॲलर्जन नसलेला’ म्हणून जाहीर केलं! ‘पॅराबेन-फ्री’ वाचून पैसे मोजण्याआधी त्याच्या जागी काय घातलं ते बघ. मिथाइलआयसोथायाझोलिनोन किंवा डीएमडीएम हायडँटोइन असेल तर बाटली परत ठेव.

आणि एक. बाटली संपत आली की आत पाणी घालून खळखळवायची आपल्या घरची पद्धत आहे, मला माहीत आहे. तेवढं सोडून दे. पाण्याने प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि तो द्रव चार दिवस न्हाणीघरात राहिला की जंतूंना रान मोकळं. करायचंच तर त्याच अंघोळीत संपव.

आता काय करायचं ते सांगते. ही बाटली विषारी नाही, फेकू नकोस, पण बाजूला ठेव. स्वतःसाठी बिनवासाचा आण. ‘अनसेंटेड’ म्हणवणाऱ्या काही मालात मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असतो, म्हणून यादीत परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्दच नाही ना ते तपास. नवीन बाटली आणली की आठवडाभर दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी लावून धू, लाली आली नाही तरच अंगाला वापर. बगला, जांघा, पावलं एवढ्यालाच लाव. हातापायांना नुसतं कोमट पाणी पुरतं. लूफा ठेवून दे. अंग ओलसर असतानाच पायांना मॉइश्चरायझर लाव, तेही बिनवासाचं. वास आवडतो तर कपड्यांवर अत्तर लाव की, कोण नाही म्हणतं?

दोन-तीन आठवड्यांत खाज थांबली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलवाल्याकडून परस्पर स्टेरॉइडची ट्यूब आणू नकोस. गरज वाटली तर डॉक्टर पॅच टेस्ट करतील, पाठीवर पट्ट्या लावून ४८ तास ठेवतात. जाताना ही जुनी बाटली सोबत ने आणि तिच्यावरचं लेबल भिजवून घालवू नकोस. नुसतं बॉडी वॉशचं नाव सांगून डॉक्टरांना काही कळत नाही, त्यांना मागची यादी लागते.

तुझी,
आत्या