उसाच्या बिलाची वाटणी : आधी भाग, मग वजावट



ऊस दोघा भावांचा असतो, पण नोंद एकाच्या नावावर आणि बिलही त्याच्याच खात्यावर. वजन चोख, दर चोख. तरी वाटणीच्या वेळी घरात कुरबुर होते. तेव्हा शाळेत शिकलेले गुणोत्तर आणि ‘क्ष’ कामी आणावेत.

पहिली पायरी, दर : २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. उतारा कमी पडला तर त्याच प्रमाणात घट, पण ९.५ टक्के किंवा त्याहून कमी उताऱ्यालाही ३२९ रुपये ५ पैसे मिळतात.

समजा, उतारा ११.०५ आहे. वाढ ०.८, म्हणजे ८ टप्पे.
८ × ३.४६ = २७.६८
३५५ + २७.६८ = ३८२.६८ रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ३,८२६.८०.
यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून ती ८२६.८० धरू. हाती आले टनाला ३,०००.

दुसरी पायरी, वाटणी : निफाड-दिंडोरीकडे कोणत्याही गावात असेल असे उदाहरण घेऊ. थोरल्याचा ऊस ७५ गुंठे, धाकट्याचा ४५. गुणोत्तर ५ : ३. ऊस सारखाच पिकला, एकूण १२० टन. रक्कम ३,६०,०००.
५क्ष + ३क्ष = ३,६०,०००
८क्ष = ३,६०,०००, म्हणून क्ष = ४५,०००
थोरला २,२५,०००, धाकटा १,३५,०००.

तिसरी पायरी, वजावट : सोसायटीचे पीककर्ज व्याजासह ८०,००० बिलातून कापले. त्यातले ६०,००० थोरल्याच्या वापरातले, २०,००० धाकट्याच्या. म्हणून थोरल्याच्या हाती १,६५,००० आणि धाकट्याच्या हाती १,१५,०००.

पुष्कळ घरांत मात्र खात्यावर जमा झालेले २,८०,०००च ५ : ३ ने वाटतात. मग थोरल्याला १,७५,००० आणि धाकट्याला १,०५,००० येतात. धाकट्याचे दहा हजार गेले! कोणी लबाडी केली नाही. पायरी उलटी झाल्यामुळे कर्जही ५ : ३ ने वाटले गेले आणि धाकट्यावर २०,००० ऐवजी ३०,००० चा बोजा पडला.

एक लक्षात ठेवा : दोन्ही प्लॉट सारखे पिकले नसतील, एक लागण आणि एक खोडवा असेल, तर गुणोत्तर गुंठ्यांचे धरू नका, टनांचे धरा. त्यासाठी काट्याच्या पावत्या प्लॉटवार जपून ठेवा.

घरी सोडवा : उतारा १०.७५, तोडणी-वाहतूक टनाला ८२३ रुपये, ऊस १०० टन, गुणोत्तर ३ : २. कर्ज थोरल्याचे २०,०००, धाकट्याचे ३०,०००.
उत्तर : थोरला १,५४,०००; धाकटा ८६,०००.

मुलांना शेजारी बसवून सोडवा. त्यांचे गणित पक्के होईल आणि घरचा हिशेब चारचौघांत न जाता घरातच मिटेल.

– ऊस विकास अधिकारी