व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कसा पारखावा

विजेच्या गिटारीचा छंद आतां मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाहीं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील आमच्या उमरग्यासारख्या गांवींही तो येऊन पोंचला आहे. आणि गिटारीमागोमाग घरांत दुसरा एक प्रश्न येतो, तो ॲम्प्लिफायरचा. त्यांतून व्हॉल्व्हचा चांगला ॲम्प्लिफायर घ्यावयाचा म्हटलें, कीं हजारों रुपयांची गोष्ट होते. पालकांस वाटतें, एका खोक्यापायीं एवढा पैसा कशाला? मुलांस वाटतें, जितकें खोकें मोठें तितका वादक मोठा. आमच्या मतें हे दोन्ही समज अपुरे आहेत. त्या खोक्यांत काय घडतें हें नीट ध्यानांत आलें, तर निवड पुष्कळच सोपी होते; म्हणून प्रथम तेंच पाहूं.

ज्यांस हा विषय परका वाटत असेल त्यांनीं मिरवणुकींतील बँजो आठवावा. १९१२ सालीं जपानांतील नागोया शहरीं मोरिता गोरो यांनीं 'ताइशोगोतो' नांवाचें वाद्य काढलें. तारांवर कळा बसविलेलें हें वाद्य आपल्या देशांत बुलबुलतरंग या नांवानें रुळलें, आणि महाराष्ट्रांत त्यास विजेची जोड मिळून त्याचा बँजो झाला. बँजोच्या चढ्या सुरांत जी धार असते, ती केवळ तारेची नव्हे. तींत ॲम्प्लिफायर व कर्णा यांचाही वांटा असतो. गिटारीच्या बाबतींत हा वांटा याहूनही मोठा आहे. विजेची गिटार नुसती छेडली तर शेजारच्या खोलींतही ऐकूं जात नाहीं. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें असतें. तार हलली कीं वेटोळ्यांत अगदीं क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. या क्षीण प्रवाहास बळ देऊन त्यानें कर्णा हलवावयाचा, हें ॲम्प्लिफायरचें काम.

हें काम पूर्वीं सर्वत्र व्हॉल्व्ह करीत असत. आजोबांच्या वेळचा रेडिओ ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस आठवत असेल कीं, बटन फिरविल्यावर तो लगेच बोलत नसे. आंतील कांचेच्या नळ्या तांबूस उजळूं लागल्या म्हणजे मग आवाज येई. त्या नळ्या म्हणजेच व्हॉल्व्ह. १९०४ सालीं फ्लेमिंग यांनीं दोन अंगांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला, आणि १९०६ सालीं ली द फॉरेस्ट यांनीं त्यांत तिसरें अंग, म्हणजे जाळी, घातली. निर्वात नळींत एक भाग तापविला कीं त्यांतून विद्युत्कण निघून समोरच्या पट्टीकडे धांवतात. मध्यें असलेली जाळी पाटाच्या दारासारखी असते. शेतकरी फळी थोडीशी वर-खालीं करितो आणि पाटाचें सगळें पाणी कमीजास्त होतें. तद्वत् जाळीवरील क्षीण प्रवाहाच्या चढउतारानें पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह चढतो-उतरतो.

परंतु पाटांत येणाऱ्या पाण्यासही मर्यादा असते. दार पुरतें उघडल्यावर आणखी उघडून उपयोग होत नाहीं. व्हॉल्व्हचेंही तसेंच. जाळीवर प्रमाणाबाहेर जोर आला, कीं ध्वनितरंगांचीं टोंकें दबूं लागतात. तरंगाचा आकार बदलला म्हणजे मूळ सुरांत नसलेले वरचे सूर त्यांत मिसळतात, आणि आवाज भरड व जाड होतो. शिवाय जोराचा व हलका आघात यांतील अंतर कमी होऊन सूर पुष्कळ वेळ टिकतो. रेडिओच्या कारागिरास हा दोष वाटे. गिटारवादकानें त्याचा गुण केला. व्हॉल्व्हमध्यें हीं टोंकें बहुधा एकदम न तुटतां हळूहळू दबतात, म्हणून वादकाच्या बोटाचा जोर आवाजांत उतरतो. व्हॉल्व्हचें नांव अजून टिकून आहे तें यासाठीं.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं ही भरड कोठें जन्मते? ॲम्प्लिफायरमध्यें दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यांत बोटाएवढे छोटे व्हॉल्व्ह, बहुधा ईसीसी ८३ जातीचे. शेवटच्या टप्प्यांत कर्णा हलविणारे मोठे व्हॉल्व्ह, जसे ईएल ३४, ६एल६ किंवा ईएल ८४. आमच्या मतें सर्व निवडीचें मर्म येथेंच आहे. भरड केवळ शेवटच्या टप्प्यांत निघत असेल, तर ती मिळविण्यास यंत्र पूर्ण जोरानें वाजवावें लागतें. पहिल्या टप्प्यांत निघत असेल, तर हळू आवाजांतही ती मिळते.

या यंत्राचा इतिहासही हेंच सांगतो. लंडनमधील हॅनवेल येथें जिम मार्शल यांचें वाद्यांचें दुकान होतें. अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या 'बेसमन' या ॲम्प्लिफायरचा नमुना समोर ठेवून त्यांच्या कारागिरांनीं १९६२ सालीं आपला पहिला ॲम्प्लिफायर बनविला. पुढें ही यंत्रें १०० वॅटपर्यंत वाढलीं. पण त्यांची खरी गोडी पूर्ण आवाजावरच मिळे. इकडे कॅलिफोर्नियांत रँडल स्मिथ यांनीं १९७० च्या सुमारास फेंडरच्या छोट्या यंत्रांत फेरफार करून पहिल्या टप्प्यांत व्हॉल्व्हची एक पायरी वाढविली, आणि लांब टिकणारा लीडचा सूर लहान खोक्यांतून काढला. १९७५ सालीं मार्शल कंपनीनेंही 'मास्टर व्हॉल्यूम' हें बटन आपल्या यंत्रांत दिलें. त्यामुळें भरडीचें बटन वेगळें व आवाजाचें वेगळें झालें. आज जड व लीड अशा दोन्ही कामांस उपयोगी पडणारीं यंत्रें बहुतेक याच मार्गानें चाललेलीं आहेत.

हळू आवाजाची ही सोय क्षुल्लक नव्हे. मुंबईंत धोबीतलावाजवळील रंगभवनांत १९८६ सालीं 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला, आणि महाराष्ट्रांतील कित्येक वादकांनीं असे जोरकस स्वर प्रथम तेथेंच प्रत्यक्ष ऐकले. पण जवळच रुग्णालय व महाविद्यालय. पुढें शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळें त्या खुल्या रंगमंदिरांतील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. ध्वनिप्रदूषणाविषयींचे २००० सालचे नियम वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घालतात. भिंतीस भिंत लागून घरें असलेल्या आपल्या गल्लींत तर नियमाआधीं शेजारधर्म आहे.

म्हणून वॅटचा मोह प्रथम सोडावा. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाहीं; तो अवघा ३ डेसिबल वाढतो. कानास दुप्पट वाटावयास सुमारें दहापट वॅट लागतात. अर्थात् १०० वॅटचें यंत्र ५० वॅटच्या यंत्राहून थोडेंच मोठें ऐकूं येतें, पण वजन व किंमत मात्र पुष्कळ वाढते. घरच्या सरावास १ ते ५ वॅट पुरतात. ड्रमवाल्याबरोबर वाजवावयाचें तर १५ ते २० वॅट. मोठ्या सभागृहांत कर्ण्यासमोर मायक्रोफोन ठेवतां येतो. वॅट कमी करण्याची सोय असलेलें २० वॅटचें यंत्र विद्यार्थ्यास अनेक वर्षें पुरेल.

दुकानांत जातांना आपलीच गिटार न्यावी, आणि घरीं जेवढ्या आवाजांत वाजवितां येईल तेवढ्याच आवाजांत यंत्र ऐकावें. प्रथम स्वच्छ सूर पाहावा. भजनास किंवा प्रार्थनागीतास साथ करितांना सगळे सूर एकत्र छेडले, तरी ते वेगवेगळे ऐकूं आले पाहिजेत. मग भरड वाढवून जड स्वर पाहावा. तळहाताची कड तारांवर ठेवून खालची तार तोडून-तोडून वाजवावी. प्रत्येक ठोका सुटा यावा. ठोके एकमेकांत चिखलासारखे मिसळत असतील, तर तें यंत्र जड कामाचें नव्हे. भरडीपूर्वीं खर्ज थोडा कमी करून भरडीनंतर तो भरून काढणारीं यंत्रें या परीक्षेंत उतरतात. तिसऱ्यानें लीड पाहावा: वरच्या तारेवर एकच सूर धरावा, तो टिकावा आणि गाणाऱ्या गळ्यासारखा भरीव वाटावा. येथें मधल्या सुरांचें बटन अगदीं खालीं आणूं नये. एकट्यानें वाजवितांना तसें केलेलें गोड लागतें, पण इतर वाद्यांत गिटार हरवून जाते. शेवटीं गिटारीवरील आवाजाचें बटन निम्म्यावर आणावें. भरड निवळून सूर स्वच्छ होऊं लागला, तर तें यंत्र बोटांचें ऐकतें असें समजावें. जड व स्वच्छ स्वरांसाठीं दोन स्वतंत्र मार्ग आणि ते बदलण्यास पायाची कळ असेल तर अधिक चांगलें.

कर्णाही तितकाच महत्त्वाचा. १२ इंची कर्ण्यांत खर्ज सहसा अधिक भरीव येतो; लहान खोक्यांतील छोट्या कर्ण्यास जड स्वर पेलत नाहीं. कर्णा जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचें यंत्र कधींही वाजवूं नये; तसें केल्यानें आंतला ट्रान्सफॉर्मर जळूं शकतो. कर्ण्याचा ओहममधील आंकडा व यंत्राच्या मागें लिहिलेला आंकडा जुळला पाहिजे.

विजेविषयीं पालकांनीं स्वतः लक्ष घालावें. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची; अमेरिकेंतून आणलेलें यंत्र १२० व्होल्टचें असेल, तर तें तसेंच लावतां कामा नये. भिंतींतील तीन छिद्रांच्या प्लगास अर्थिंग खरोखर आहे कीं नाहीं, हें तारतंत्र्याकडून तपासून घ्यावें. कारण गिटारीच्या तारा यंत्रामार्फत याच अर्थिंगशीं जोडलेल्या असतात, आणि मुलाचीं बोटें त्या तारांवर असतात. यंत्राच्या आंत ३०० ते ५०० व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्यें साठून राहूं शकतो. विद्यार्थ्यानें मागची फळी उघडूं नये, हें आम्ही निक्षून सांगतों.

व्हॉल्व्ह झिजतात, हेंही खर्चांत धरावें. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी १९५४ सालीं स्थापन झाली, आणि एके काळीं रेडिओचे व्हॉल्व्ह आपल्याच देशांत बनत असत. आज ते मुख्यतः चीन, रशिया व स्लोव्हाकिया येथें बनतात. म्हणून प्रचारांत असलेल्या व्हॉल्व्हचेंच यंत्र घ्यावें. मोठे व्हॉल्व्ह बदलल्यावर पुष्कळ यंत्रांत त्यांचा प्रवाह जाणत्याकडून मापून ठरवून घ्यावा लागतो. असा कारागीर कोठें आहे, हें यंत्र घेण्याआधीं विचारावें.

सर्वांत मोलाची वस्तु मात्र दुकानांत मिळत नाहीं. ती म्हणजे कान. ८५ डेसिबल आवाज दिवसांत आठ तासांवर ऐकूं नये, आणि त्यापुढें प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, असें तज्ज्ञ सांगतात. या हिशेबानें १०० डेसिबलला अवघीं १५ मिनिटें उरतात. एकदां मंद झालेली श्रवणशक्ति औषधानें परत येत नाहीं.

अखेर पालकांस एक सुचवूं. मूल नुकतेंच शिकूं लागलें असेल, तर त्यास ट्रान्झिस्टरचा साधा ॲम्प्लिफायर पुरे. तो स्वस्त, हलका व कमी देखभालीचा असतो. वर्ष-दोन वर्षें नेमानें सराव झाला, हात तालांत बसला, आणि बोटाच्या जोरानें सूर कसा बदलतो हें त्याचें त्यास कळूं लागलें, म्हणजे व्हॉल्व्हच्या यंत्राचा विचार करावा. आणि विद्यार्थिमित्रहो, घरीं मागणी करण्यापूर्वीं तुम्ही भरड कोठें जन्मते, आपल्या खोलीस वॅट किती लागतात आणि यंत्र बिघडल्यास दुरुस्त कोण करील, या तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहून वडिलांपुढें ठेवा. मग घरांतील विचार अधिक मोकळेपणानें होईल, आणि कष्टाचा पैसा खर्च झालाच, तर तो समजून-उमजून झालेला असेल.