आई म्हणाली, ‘तुम्ही म्हणताय तर येते’

जर्मनीतल्या कोलोनच्या डोमच्या, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलच्या, दक्षिण मनोऱ्यात ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. चढण्याआधी मी हे वाचलं होतं. वाचूनही आईला घेऊन चढलो.

आई-बाबा साताऱ्याहून ड्युसेलडॉर्फला आमच्याकडे आले होते. एका रविवारी आई, बाबा, सहा वर्षांची लेक आणि मी असे चौघं ‘निवांत फिरू’ म्हणून चाळीसेक किलोमीटरवरच्या कोलोनला गेलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की १५७ मीटर उंचीचा तो काळपट डोम अंगावरच येतो. १२४८ साली सुरू झालेलं काम १८८० साली पुरं झालं, मधली जवळजवळ तीनशे वर्षं ते ठप्पच होतं, हे ऐकून बाबा म्हणाले, “मग आपण आपल्या गावच्या पुलाला उगाच नावं ठेवतो.”

आत प्रार्थना चालू होती. त्या वेळात पर्यटकांना आत फिरू देत नाहीत, हे मला दारात पोचल्यावर कळलं. रविवारी आधी वेळ बघून निघायचं असतं. मनोऱ्याची वाट वेगळी, बाहेरच्या बाजूने. ती उघडी होती. बाबा रोज सकाळी अजिंक्यतारा चढणारे. “पाचशे म्हणजे काय रे!” आई म्हणाली, “तुम्ही म्हणताय तर येते.” आईच्या तोंडी या वाक्याचा अर्थ ‘नको’ असाच असतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

गडावर दम लागला तर कडेच्या दगडावर बसता येतं, पाणी पिता येतं, मागच्याला ‘व्हा पुढे’ म्हणता येतं. इथे गोल गोल फिरणारा अरुंद दगडी जिना, आणि चढणारे-उतरणारे त्याच वाटेने. आपण थांबलो की मागची रांग थांबते. वरून येणारे भिंतीला चिकटून, अंग चोरून वाट काढतात. आई संकोचापायी थांबेना. तशीच घंटांच्या मजल्यापर्यंत गेली. तिथली चोवीस टनांची ती प्रचंड घंटा (कोलोनकर लाडाने तिला ‘जाडा पिटर’ म्हणतात) तिने पाहिली आणि खालीच बसली. बाबा आणि नात वर जाऊन आले. आईला चढण्यापेक्षा उतरणं जड गेलं. दर पायरीला तिने माझा खांदा धरला होता.

संध्याकाळी घरी आईचा गुडघा टम्म सुजला. रविवार असल्याने सुपरमार्केटं बंद होती, आणि उघडी असती तरी साध्या वेदनाशामक गोळ्याही जर्मनीत सुपरमार्केटात मिळत नाहीत. त्या फक्त ‘आपोटेक’मध्ये, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळतात, आणि तीही रविवारी बंद. मी दोन बंद दारं बघून परत फिरणार होतो. शेजारणीने सांगितलं तेव्हा समजलं की त्या दारांवरच, आज आळीपाळीने कोणतं दुकान उघडं आहे, तो पत्ता लावलेला असतो. तिथे गेलो, घंटा वाजवली, खिडकीतून औषध मिळालं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी या सेवेचे अडीच युरो जादा पडतात. ते मी आनंदाने दिले.

आता पाहुणे आले की मी त्यांना स्टेशनामागून ऱ्हाइनवरच्या रेल्वेपुलावर नेतो. चारशे मीटरचा सपाट रस्ता. एका बाजूला गाड्यांची धडधड, जाळीवर प्रेमी जोडप्यांनी लावलेली असंख्य कुलुपं. पलीकडे कोलोन ट्रायांगल नावाची इमारत आहे, तिची गच्ची १०३ मीटरवर आणि तिथे लिफ्ट आहे. मनोऱ्यावरून सगळं कोलोन दिसतं, फक्त डोम दिसत नाही. माझ्या मते तरी डोम पाहायची खरी जागा ही गच्चीच. मग दुपारी आत जायचं. गेरहार्ड रिश्टर यांनी केलेली, अकरा हजारांहून जास्त रंगीत काचचौकोनांची २००७ सालची खिडकी, नंतर आत गेलो तेव्हा, बाबांना मनोऱ्यापेक्षाही आवडली होती.

रविवारीच जाणार असाल तर खाणं-पिणं बरोबर ठेवा किंवा स्टेशनातल्या दुकानांतून घ्या, ती उघडी असतात. स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी जवळ असू द्या. औषधांची दुकानं शनिवारी सकाळी उघडी असतात, मलम तेव्हाच आणून ठेवा.