आधी तिथी, मग किनारा
लहान मुलाला घेऊन निवांत समुद्रावर जाण्याची कृती

दीड-दोन वर्षांच्या पोराला सूर्यास्तात काडीचा रस नसतो. त्याला ओली वाळू हवी, ती उपसायला वाटी हवी आणि बारा वाजता मऊ भात हवा. ही तीन सुखं जिथे विनातक्रार मिळतील, तो किनारा चांगला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडून निघणाऱ्या घरांसाठी तो निवडण्याची ही रीत. यात जागेच्या आधी तारीख ठरते.

हाताशी हवं: तीन दिवस आणि दोन रात्री, तिथी दाखवणारं कॅलेंडर आणि राहण्याच्या ठिकाणी फोनवर बोलायला दहा मिनिटं.

१. महिना आणि वार ठरवा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरा. ऑक्टोबरात उकाडा असतो, मार्चनंतर वाळू लवकर तापते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या नेहमीच्या लाँचही बंद असतात. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि २६ जानेवारीला जोडून आलेले शनिवार-रविवार सोडून द्या.

मूल अजून शाळेत जात नाही, ही मोठी सवलत आहे आणि ती दोन-तीन वर्षांत संपते. तेव्हा रजा मिळत असेल तर सोमवार ते गुरुवार यांतलेच दिवस घ्या. किनारा रिकामा असतो आणि खोलीच्या भाड्यात घासाघीस करता येते.

२. तिथी बघा

किनारपट्टीवरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीन पाऊणे सव्वादोन. भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास, तशीच पहाटेही. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेआठच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून खात्री करा.

लहान मूल किनाऱ्यावर असतं ते सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा. या दोन्ही वेळांना पाणी ओसरतं किंवा ओसरलेलं हवं, म्हणजे मागे ओली, घट्ट वाळू आणि घोट्याएवढी डबकी उरतात. हे जमतं तृतीया ते पंचमी या तिथींना. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा जोर पुढे एक-दोन दिवस टिकतो, म्हणून प्रतिपदा-द्वितीया जाऊ द्या. दशमी ते त्रयोदशीला गणित उलटं होतं: ओहोटी भर दुपारी आणि संध्याकाळी पाणी चढतं. पोरगं खड्डा खणत बसलेलं आणि लाट पाठीशी, अशी पळापळ तेव्हाच होते.

एक सूचना: ओसरतं पाणी आत ओढतं. मुलासाठी डबकी आहेत. मोठ्यांनीही त्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात जाऊ नये.

३. किनारा निवडा

सपाट, लांब आणि सुरूची सावली असलेला किनारा हवा. तीव्र उतार नको. काशीद आणि गणपतीपुळे दिसायला देखणे, पण तिथे पाणी लवकर खोल होतं. या वयाला ते नकोत. अलिबाग शहराचा किनारा आणि नागावही सुट्टीच्या दिवशी टाळा. घोडागाड्या, चारचाकी बाइक आणि पॅरासेलिंगच्या जीपगाड्या वाळूवरूनच धावतात, आणि मुलाला वाळूवर सोडायचं तर तिथे चाक फिरता कामा नये. आपल्याकडून सोयीचे पर्याय हे:

*अक्षी किंवा किहीम.* दोन्ही अलिबागजवळ, दोन्हीकडे झाडी. सर्वात मोठा फायदा म्हणजे जिल्हा रुग्णालय आणि बालरोगतज्ज्ञ अलिबागेतच मिळतात. पहिल्याच सहलीला हा पर्याय घ्या.

*केळवे.* गाडी नसलेल्या घरांसाठी. २०१३पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते आणि केळवे रोड स्टेशन त्याच मार्गावर आहे. सुरूचं बन मोठं. मात्र रविवारी वसई-विरारची गर्दी तिथेच लोटते. आणखी उत्तरेला, घोलवडजवळच्या बोर्डीत ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की किनाऱ्याचं मैदान होतं. कोकणात दक्षिणेकडे जावं तसं भरती-ओहोटीतलं अंतर कमी होत जातं. डहाणूकडे ते सर्वात मोठं.

*दिवेआगर.* लांबलचक, शांत, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. पण प्रवास मोठा आणि म्हसळ्याकडची वळणं पोटाची परीक्षा घेतात. तीन रात्री असतील तरच जा.

४. रस्ता मुलाच्या झोपेवर बसवा

अलिबागसाठी सगळे पनवेलकडे वळतात. बदलापूर-अंबरनाथकरांना दुसराही रस्ता आहे: वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोली आणि तिथून पेण. पनवेल ते पेणचा महामार्ग टळतो. वडखळ नाका मात्र दोन्हीकडून लागतोच. दिवेआगरला जायचं तर खोपोलीहून पालीमार्गे वाकण, मग कोलाड, माणगाव, म्हसळा. पहिला थांबा खोपोलीजवळच्या महडला, दुसरा पालीला. दोन्ही अष्टविनायकांची गावं, त्यामुळे चहा, नाश्ता, स्वच्छतागृह आणि पाय मोकळे करायला जागा मिळते. फक्त एक: तुम्ही तिथीने निघालात आणि वाटेत चतुर्थी आली, तर दोन्ही देवळांत रांगा असतील. त्या दिवशी थांबा दुसरीकडे घ्या.

पहाटे पाचला झोपलेलं मूल तसंच उचलून गाडीत ठेवा. पहिला दीड तास झोपेत जातो. निघण्याआधी दूध दिलंच तर अर्ध्या पोटी, भरपेट नको. गाडी लागते का, हे आधीच्या एखाद्या रविवारी कर्जतपर्यंत जाऊन पाहा. तिथवर तीनदा ओकलं, तर दिवेआगरचा विचार सोडा.

रेल्वेने केळव्याला जाताना दादरला गाडी बदलण्यापेक्षा दिवा किंवा कोपरहून वसई रोडची गाडी मिळाली तर उत्तम. या गाड्या मोजक्याच आहेत. वेळ बघूनच घरून निघा. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत आणि एसटीत तिकीट नाही. मांडव्याची बोट तासाभराची आणि मजेची, पण बदलापूरहून गेटवे किंवा भाऊचा धक्का गाठेपर्यंतच मूल कंटाळतं. ज्यांना मुंबईत एक मुक्काम करता येतो त्यांनीच तो मार्ग घ्यावा.

५. फोनवर हे विचारा

फोटो बघून खोली घेऊ नका. ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ असलेल्या घरात सहसा घरातल्या काकूच स्वयंपाक बघतात, त्यांच्याशीच बोला.

- वाडीत विहीर किंवा उघडा हौद आहे का? कठडा किती उंच? झाकण आहे का?
- खोली तळमजल्यावर आहे ना? दाराला वरची कडी आहे का?
- किनाऱ्यावर चालत किती मिनिटं? मध्ये वाहता रस्ता ओलांडावा लागतो का?
- मुलाला बारा वाजता वरणभात किंवा मुगाची खिचडी मिळेल का, बिनतिखटाची? मोठ्यांचं जेवण दीडला चालेल.
- आंघोळीला गरम पाणी कधी? वीज गेली तर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का?
- शेजारी रात्री डीजे असतो का?

विहिरीच्या प्रश्नाला ‘काही होत नाही हो’ असं उत्तर आलं, तर दुसरं घर बघा. ‘कठडा आहे, वर जाळीही टाकलीय’ असं सांगणारं घर घ्या. खाट किंवा झोपाळा नारळाखाली असेल तर हलवून मागा.

६. सामान

पूर्ण बाह्यांचे पातळ सुती कपडे, दिवसाला तीन जोड. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून स्वस्तातले घ्या, खाऱ्या पाण्याने विटले तरी चुटपुट लागत नाही. हनुवटीखाली बांधता येणारी टोपी. खेळण्यांच्या सेटऐवजी घरातली स्टीलची वाटी, जुनी पळी आणि छोटी बादली. ओआरएसची पाकिटं, तापाचं नेहमीचं औषध आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं त्याचं प्रमाण. पाच लिटरच्या कॅनमध्ये गोडं पाणी. डायपर किनाऱ्यावर नको: समुद्राचं पाणी पिऊन तो फुगतो, आत वाळू अडकते आणि जांघा सोलवटतात. साधी सुती चड्डी घाला, डायपर परतल्यावर.

७. किनाऱ्यावर

पहिल्या संध्याकाळी पाण्याजवळ जाऊच नका. कोरड्या वाळूत बसवा. दुसऱ्या सकाळी त्याचं तेच ओल्या वाळूकडे सरकेल. तळवा ओल्या वाळूला लागला की बरीच मुलं पाय आखडून घेतात, बोटं वर उचलतात आणि तुमच्याकडे बघतात. तेव्हा उचलून लाटेत धरू नका, ‘घाबरतोस काय’ म्हणू नका. शेजारी बसून वाटीने वाळू उपसा. दोन मिनिटांत वाटी तुमच्या हातातून जाते.

मोठ्यांपैकी एकजण कायम मुलाच्या आणि समुद्राच्या मधे बसलेला हवा, तोंड मुलाकडे, मोबाइल पिशवीत. अर्ध्या-अर्ध्या तासाने पाळी बदला आणि ‘आता तू’ असं तोंडाने सांगा. ‘तू बघतोयस असं मला वाटलं’ हे वाक्य घरात चालतं, किनाऱ्यावर नाही.

डोळ्यांत वाळू गेली तर चोळू देऊ नका, कॅनमधलं पाणी ओता. वाळूवर जेलीफिश पडलेला दिसला तर मेलेलाही शिवू नये. दहा ते चार घरात: जेवण, झोप, पडवीत खेळ. ताप उतरत नसेल, जुलाब-उलट्या थांबत नसतील तर सहल तिथेच संपवा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

८. परतताना

रविवारी संध्याकाळी वडखळच्या रांगेत रडतं मूल घेऊन बसण्यापेक्षा सकाळचं खेळणं संपवून, आंघोळ घालून, लवकर जेवून साडेअकराला निघा. दुपारची झोप गाडीत होते. घरी पोचल्यावर वाळूचे कपडे थेट मशीनमध्ये टाकू नका. आधी गॅलरीत झटका, मग बादलीत दोनदा खळबळून घ्या आणि तळाची वाळू कुंडीत न टाकता बाहेर ओता. तिच्यातलं मीठ झाडांना सोसत नाही.