पोटाची चौकशी होते, तिची कोण करणार?

गरोदर बाईची विचारपूस आपल्याकडे कमी होत नाही. कितवा लागला, बाळ फिरते का, रक्त किती भरलं, सोनोग्राफी कधी आहे, गोळ्या घेतेस ना? सासू विचारते, शेजारची काकू विचारते, आशाताई विचारते, तपासणीच्या टेबलाशी आम्ही डॉक्टरही तेच विचारतो. सगळी चौकशी पोटाची. तिला झोप लागते का, कशाची भीती वाटते, घरात मनातलं बोलायला कुणी आहे का, हे नऊ महिन्यांत एकदाही कुणी विचारलं नाही, अशा कितीतरी बाया मला अमरावती-अकोल्यात भेटतात. आजचा सल्ला त्यांच्यासाठी आहे आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी.

दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडून येणारी बाई ‘मी उदास आहे’ असं सांगत नाही. ती सांगते, ‘डोयाले डोया लागत नाई’, ‘अन्न गोड लागत नाई’, ‘छातीत धडधड करते’, ‘हातपाय गयल्यावानी वाटते’. बहुतेक वेळा तेही ती सांगत नाही. सोबत आलेल्या सासूबाई सांगतात, ‘डॉक्टर, हे जेवतच नाई, सांगा बरं तिले.’ आणि ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसते. अशा तक्रारी अंगात रक्त कमी असलं तरी होतात, थायरॉईड बिघडला तरी होतात. विदर्भात सिकलसेलचा आजारही आहे. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि सिकलसेलच्या तपासण्या आधी कराव्यात. पण रिपोर्ट चांगले आले म्हणजे बाई ठणठणीत, असं समजून तिला घरी पाठवू नये. रक्त कमी आणि मनही खचलेलं, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी त्यातलं अर्धंच दुखणं बरं होतं.

हे किती बायांना होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत गरोदरपणात सुमारे १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, आणि त्यात मुख्य असतं नैराश्य. म्हणजे साधारण सहा गरोदर बायांमागे एक. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या मातांपैकी ७८ टक्के जणींना मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. आपण मात्र बाळंतीण रडायला लागली की जागे होतो. तिचं रडणं पाचव्या-सहाव्या महिन्यातच ऐकायला हवं होतं.

आता ते ओळखायचं कसं? त्यासाठी दोन साधे प्रश्न आहेत आणि ते कुणीही विचारू शकतं. गेल्या महिन्याभरात मन सारखं उदास, निराश वाटलं का? पूर्वी जे करायला आवडायचं, त्यातलं काही करावंसं वाटेनासं झालं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल आणि तो त्रास दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर डॉक्टरांना सांगा. एडिंबरा इथे १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती जगभर वापरतात आणि तिला फार वेळ लागत नाही. एखाद्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं, उलट्यांनी वैतागणं हा आजार नाही. पहिल्या तीन महिन्यांत तर ते होतंच. आठवडे उलटले तरी मनावरचं मळभ हटत नाही, तेव्हा मात्र ‘असं होतच असते’ म्हणून सोडून देऊ नका.

हे प्रश्न तिला एकटीला विचारा. सासूसमोर, नवऱ्यासमोर किंवा आईसमोरसुद्धा ती खरं सांगेल असं नाही. ओपीडीत मी घरच्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते. काही जणांना राग येतो, येऊ दे. नवऱ्याची दारू, अंगावर उठलेला हात, माहेरहून पैसे आणण्याचा तगादा, नको असलेला गर्भ, या गोष्टी त्या पाच मिनिटांतच बाहेर येतात. मार गरोदरपणात थांबतो असं समजू नका. कित्येकींना तो याच काळात सुरू होतो. अशा बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण आहे आणि १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. पण आधी तिचं म्हणणं खरं मानणारं एक माणूस लागतं. ते माणूस बहुधा गावातली आशाताई असते, म्हणून तिला माझी विनंती आहे की वजन आणि रक्तदाबाच्या नोंदीइतकीच ही चौकशीही कामाची धरा.

मुलाच्या अपेक्षेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वऱ्हाडात बाईचं मन खाणारी याहून मोठी गोष्ट मला दिसत नाही. पहिली मुलगी असली की दुसऱ्या खेपेला चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बाई झुरायला लागते. तोंडाने कुणी काही बोलत नसेल, पण नवस बोलले जातात, ‘या टायमाले’ असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं जातं, डोहाळे गोड की आंबट यावरून घरात अंदाज बांधले जातात. पुढच्या पाच महिन्यांत ती बाळाची वाट पाहत नसते, निकालाची वाट पाहत असते. गोव्याच्या त्याच अभ्यासात बाळ मुलगा की मुलगी यावरही आईचं नैराश्य अवलंबून असल्याचं दिसलं. म्हणजे आपल्या बोलण्याचा थेट परिणाम तिच्या प्रकृतीवर होतो. विज्ञान याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. आईच्या बीजात फक्त एक्स गुणसूत्र असतं. मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या शुक्राणूत एक्स आहे की वाय यावर ठरतं, आणि तेही कुणाच्या हातात नाही. डोहाळ्यांचा, पोटाच्या आकाराचा, चेहऱ्यावरच्या तेजाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. गर्भलिंग विचारणं आणि सांगणं हे दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हे आहेत. सासूबाईंनी एकदा, एकदाच, सगळ्यांसमोर म्हणावं की मुलगी झाली तरी पेढे मीच वाटणार. त्या एका वाक्याने सूनबाईला रात्रीची झोप लागलेली मी पाहिली आहे.

माहेरचंही बोलायला हवं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. ही रीत चांगलीच आहे. आईच्या हातचं खायचं, मनसोक्त झोपायचं, रडायचं असेल तर रडायचं, हे सासरी कुठून मिळणार? पण या रीतीच्या दोन बाजू मला खटकतात. नवरा त्या काळात दूर राहतो. आपल्याकडची पुष्कळ तरुण मुलं पुण्याकडे कंपन्यांत नोकरीला आहेत. त्यांना तपासणीही ठाऊक नसते आणि बायकोची रात्रही. दुसरी बाजू अशी की सव्वा महिन्यानंतर बाई सासरी परतते आणि पुढचे दोन-तीन महिने तिला सर्वांत जड जातात. दूध पाजायला रात्रभर जागायचं आणि पहाटे उठून चुलीला लागायचं. दुसऱ्या बाळंतपणात तर बहुतेकींना माहेरही नसतं, कडेवर पहिलं लेकरू असतं. नवऱ्यांना माझं सांगणं आहे, दादा, रोज फोन करून ‘जेवली का’ एवढंच विचारू नका. ‘आज काय झालं’ असं विचारा आणि ती बोलत असताना मध्ये उपाय सुचवू नका. निदान एका तपासणीला तिच्यासोबत या. रात्रीचं एक दुपटं तुम्ही बदला.

पैशाची काळजी हीसुद्धा मनाचीच काळजी. कापूस घरात पडलेला आणि भाव नाही, सोयाबीन पावसात गेलं, सोसायटीचं कर्ज थकलं, हे सगळं घरातल्या गरोदर बाईलाही कळत असतं, तिला कुणी सांगितलं नाही तरी. पगारी नोकरीतल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला एका दिवसाचीही पगारी सुट्टी नाही. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं असल्याने गोड्या पाण्याचा हंडा तिच्याच डोक्यावर येतो, मेच्या उन्हातसुद्धा. आराम कर, असा सल्ला तिला नुसता देऊन उपयोग नाही. घरातल्या कुणीतरी तो हंडा घ्यायला हवा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. नोंदणी आशाताई किंवा अंगणवाडीताई करून देतात. ते पैसे तिच्या खात्यात येतात आणि तिच्याच खाण्यापिण्यावर खर्च व्हावेत.

बाळंतपणाची भीती पोटात घेऊन किती जणी झोपतात, याची घरच्यांना कल्पना नसते. आधी गर्भ गेला असेल, मूल दगावलं असेल, तर प्रत्येक दिवस मोजत काढतात. मेळघाटातल्या कोरकू बाईला तर अनोळखी दवाखाना, अनोळखी भाषा आणि घरी ठेवून आलेली लेकरं, असं तिहेरी ओझं असतं. दुर्गम आदिवासी भागात प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ सोबतीसह राहता यावं म्हणून शासनाची माहेरघर योजना आहे, ती याच भीतीसाठीही हवी. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी एका अनुभवी बाईला सोबत ठेवण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिली आहे. अमरावतीच्या डफरीनमध्ये जा किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये, सोबतीबद्दल आधीच विचारून ठेवा. हात धरणारं ओळखीचं माणूस जवळ असलं की कळा सोसायला बळ येतं आणि नैसर्गिक प्रसूतीची शक्यताही वाढते.

उपचाराला लोक घाबरतात, ‘येडी समजतीन’ म्हणून. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम चालला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि गरज पडेल तिथे समुपदेशक आणि डॉक्टर जोडून दिले. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तो उपक्रम फक्त गरोदर बायांसाठी नव्हता, पण वऱ्हाडातलं खेडं मनाच्या आजारावर बोलत नाही, हा समज त्याने खोटा ठरवला. सौम्य त्रासात समुपदेशन, पुरेशी झोप आणि घरच्यांची साथ यांनी बराच फरक पडतो. त्रास जास्त असेल तर गोळ्या लागतात. गरोदरपणात आणि दूध पाजताना देता येतील अशी औषधं आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. आधीपासून मनाच्या आजाराच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर दिवस राहिल्याचं कळताच त्या आपल्या मनाने बंद करू नका. लगेच डॉक्टरांना भेटा. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गर्भाला घातक असतात, म्हणून ती मूल होऊ देण्याचं ठरवतानाच डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत.

दोन गोष्टींत अजिबात वेळ घालवू नका. बाळंतीण दोन-दोन रात्री झोपत नाही, असंबद्ध बोलते, कुणीतरी आपल्याला किंवा बाळाला मारणार असं म्हणते, तर ते ‘बाहेरचं’ नाही. हजारात एक-दोन बायांना होणारा हा गंभीर आजार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि उपचारांनी बराही होतो. भगताकडे नेऊ नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि तिला बाळाजवळ एकटी सोडू नका. दुसरी गोष्ट, गरोदर असो वा बाळंतीण, बाई ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं म्हणाली, तर तिला रागावू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. तिच्यासोबत राहा, फवारणीची औषधं घरातून हलवा आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. मनाच्या त्रासासाठीच्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. गाडीसाठी १०८ ला फोन करा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. येत्या ९ तारखेला जाल तेव्हा आम्हाला बाळाच्या ठोक्यांबरोबर तुमच्या झोपेचं आणि भीतीचंही सांगा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच म्हणा, ‘मले एकटीले दोन मिनिटं बोलायचं हाय.’